मेंढ्यांसाठी घेतलेल्या स्प्रिंगा

वुकोताच्या जुन्या जीपची मागची स्प्रिंग पुलाअलीकडच्या खड्ड्यात तुटली. त्याचं खापर त्यानं आधी रस्ता करणाऱ्यांवर फोडलं, मग जीप बनवणाऱ्यांवर, आणि घरी पोचेपर्यंत जावयावर. जावई जीपमध्ये नव्हता, त्या दिवशी गावातही नव्हता. पण वुकोताला एवढ्या-तेवढ्यानं फरक पडत नसे.

जावई त्रिपो समुद्राकाठचा, कोतोरचा. लग्न झाल्यावर बायकोला आपल्या घरी न्यायचं सोडून तो सासऱ्याच्या घरात, खालच्या मजल्यावर येऊन राहिला. कोलाशिनसारख्या डोंगरी गावात घरजावयाला कोणती किंमत असते ते वेगळं सांगायला नको. वुकोता त्याला जावईबापू म्हणे आणि म्हणताना नाक असं मुरडी की ऐकणाऱ्याला शिवी दिल्यासारखं वाटे. त्रिपोची गाडी बसकी, बारकी, जुनी. वुकोताच्या हिशेबी ती गाडी नव्हतीच. तिच्या शेजारी जीप लावायलासुद्धा त्याला लाज वाटायची.

वुकोताची बायको स्तानिया हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर घसरून पडली होती. मणका पिचला. तेव्हापासून रोज सकाळी तिला दवाखान्यात शेकायला आणि व्यायामाला न्यावं लागे. हे काम वुकोता कुणाला करू देत नसे. घरात तो तोंडाला कुलूप घालून बसायचा, पण जीप सुरू झाली की त्याची जीभही सुटायची. रस्त्यात लागेल त्या घराचा तो उद्धार करी. हा चोर, तो आळशी, तिसऱ्याचा बाप घाबरट होता आणि मुलगाही तसाच निघाला. स्तानिया तोंडावर हात धरून हसायची, मणका दुखायचा म्हणून हसू आवरायची आणि पुन्हा हसायची. ती हसली की म्हाताऱ्याला उरलेला दिवस बरा जाई. हे त्यानं मान कापली तरी कबूल केलं नसतं.

स्प्रिंग तुटल्यावर ती एवढंच म्हणाली की या वेळी जरा मऊ बघ. वुकोता "बघतो" म्हणाला आणि रादोसावच्या गॅरेजात गेला.

रादोसाव त्याचा कूम, म्हणजे लग्नात त्याच्या बाजूनं उभा राहिलेला साक्षीदार. हे नातं तिकडं सख्ख्या भावाच्या वरचं. गॅरेजात नेहमीचे तीन रिकामटेकडे राकिया, म्हणजे तिकडची फळांची दारू, घेऊन बसले होते, आणि वुकोताच्या दुर्दैवानं त्रिपोही आपल्या गाडीचं तेल बदलून घ्यायला आला होता. रादोसावनं सांगितलं की दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील आणि त्या तीन प्रकारच्या मिळतात. पहिली कंपनीनं दिली होती तशी, माणसं आणि बाजाराची पिशवी एवढ्यासाठी. दुसरी थोड्या ओझ्याची. तिसरी सगळ्यांत कडक, कायम भरलेल्या जीपसाठी. ती घातली की मागची बाजू चार बोटं वर उचलते.

"मागं काय नेतोस, कूम?" रादोसावनं विचारलं.

वुकोतानं सांगायला सुरुवात केली. जूनमध्ये कातुनवर जायचं म्हणजे पिठाची पोती, मेंढ्यांसाठी मीठ, चीजची पिंपं, आणि एखादा लंगडा मेंढा असेल तर तोही. कातुन म्हणजे सिन्यायेविना पठारावरची उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन राहायची झोपडी. रिकामटेकडे माना डोलावत राहिले. वुकोताच्या झोपडीचं छप्पर केव्हाच बसलं होतं आणि मेंढ्या विकून कित्येक उन्हाळे लोटले होते, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण त्या गावात डोंगरी माणसाला कातुन आहे का असं कुणी विचारत नाही. कातुनवर केव्हा निघताय, असंच विचारतात. आणि तोही केव्हा ते सांगतो. या ढोंगावर अख्खं गाव उभं होतं, आणि ज्याला ते कळत नाही तो परका.

"बाबा, पण मेंढ्या तर विकल्या ना तुम्ही?" त्रिपो म्हणाला. "जीपमध्ये रोज आईच बसतात. पहिल्या प्रकारच्या घ्या की."

रादोसाव उगाच एक पाना पुसत बसला. वुकोतानं जावयाकडं बघितलंच नाही, तो रिकामटेकड्यांकडं बघून बोलला.

"मासे धरणाऱ्यांच्या पोरानं मला जीप शिकवायची. जावईबापू, सासऱ्याच्या छपराखाली झोपायचं असेल तर झोपा, पण झोपेत बडबडू नका."

तिघं फिदीफिदी हसले. त्रिपो तेल बदलून निघून गेला. वुकोतानं सगळ्यांत कडक स्प्रिंगा मागवल्या. जावयानं तोंड उघडलं नसतं तर कदाचित त्यानं मधल्या घेतल्या असत्या. आता प्रश्नच नव्हता.

बसवल्यावर जीप मागून अशी उचलली गेली की पुढचे दिवे रस्त्यावरचे गोटे मोजायला लागले. रिकामटेकडे तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, आता दिसते गाडी. वुकोता छाती काढून घरी आला.

दुसऱ्या सकाळी स्तानिया तिच्यात बसली. रिकाम्या जीपमध्ये असल्या स्प्रिंगा दबतच नाहीत. खड्ड्यातला प्रत्येक दणका जसाच्या तसा वर येतो. पहिल्या वळणालाच स्तानियानं दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला. वुकोतानं नेहमीसारखा पाद्र्याच्या घराचा उद्धार सुरू केला, पण ती हसली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. दवाखान्याच्या दारात उतरताना ती फक्त म्हणाली, "दुखतंय, वुकोता."

स्प्रिंगा बसायला वेळ लागतो, असं त्यानं तिला सांगितलं. आठवडाभर रोज सांगितलं. शेवटी चोरून रादोसावला विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला की एक तर मऊ स्प्रिंगा घाल, नाहीतर मागं वजन टाक. मऊ घालणं म्हणजे जावयाचं ऐकणं. म्हणून वुकोतानं तारा नदीतले मोठे धोंडे गोळा केले आणि जीपच्या मागच्या भागात भरले. मेंढ्या नाहीत तर धोंडे. आणि शहाण्याला हसू यावं अशी गोष्ट, पण जीप खरंच मऊ झाली. त्या दिवशी स्तानियानं दांडा सोडला, पाद्र्याच्या घरापाशी हसली, आणि उतरताना म्हणाली की आज बरं वाटलं. वुकोता परत येताना एकटाच गुणगुणत होता.

पण धोंडे शेजाऱ्यानं बघितले. कुंपणावर कोपर टेकून त्यानं विचारलं, "काय रे वुकोता, यंदा कातुनवर धोंडे चरायला नेणार का?"

बस, एवढंच. बायकोच्या मणक्यासाठी भरलेत असं सांगायला त्याचं एक वाक्य गेलं असतं. वुकोतानं ते सांगितलं नाही. शेजाऱ्याच्या देखत त्यानं एकेक धोंडा उचलून रस्त्याकडेला फेकला, हात झटकले आणि आत जाऊन बसला. स्तानिया खिडकीत उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

सकाळी तो जीप सुरू करून बसला. स्तानिया काठी टेकत बाहेर आली, जीपपाशी थांबली नाही, सरळ त्रिपोच्या गाडीकडं गेली. त्रिपोनं दार उघडून धरलं होतं. त्यानं सासऱ्याकडं चोरट्या नजरेनं पाहिलं, पण दार काही सोडलं नाही.

महिनाभर वुकोता अंगणातून ती गाडी जाताना बघत राहिला. आधी तो म्हणे, बसू दे त्या खोक्यात, येईल परत. मग काही म्हणेनासा झाला. एका दुपारी तो गॅरेजात गेला. रिकामटेकडे बसलेलेच होते. त्यांच्यासमोर त्यानं रादोसावला सांगितलं की पहिल्या प्रकारच्या स्प्रिंगा घाल, माझ्याकडं मेंढ्या नाहीत. कुणी हसलं नाही. एकानं ग्लास खाली ठेवला आणि उठून बाहेर गेला, कारण उद्या त्याच्याही कातुनची पाळी आली असती.

मऊ स्प्रिंगा बसवून झाल्यावर सकाळी वुकोतानं दाढी केली, बाजूच्या सीटवर उशी ठेवली आणि जीपचं दार उघडून उभा राहिला. स्तानिया बाहेर आली. या खेपेला ती थांबली.

"बदलल्या," तो म्हणाला. "बघ तरी बसून. त्रिपो म्हणत होता त्याच घातल्यात."

ती उशीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चांगलं केलंस."

"मग बस."

"स्प्रिंगांचं मला कधीच काही वाटलं नाही, वुकोता. लोक हसतील म्हणून तू ते धोंडे फेकलेस, तेव्हा मी तुझ्या खिजगणतीत नव्हते. दुखतंय म्हणून सांगताना मीच तुला आठवडाभर चुकीची वाटत होते." तिचा आवाज चढला नव्हता. "त्रिपो खड्डा आला की हळू करतो आणि विचारतो. मला आता विचारलेलं आवडायला लागलंय."

ती काठी टेकत गेली आणि त्रिपोच्या गाडीत बसली. गाडी फाटकाबाहेर पडली. वुकोता त्यांच्या मागोमाग निघाला, कशाला ते त्याला सांगता आलं नसतं. पाद्र्याच्या घरापाशी पुढच्या गाडीत स्तानियानं तोंडावर हात धरलेला त्याला काचेतून दिसला. मग पुलाअलीकडचा खड्डा आला. जीप त्यावरून अलगद गेली. बाजूच्या सीटवरची उशी हललीसुद्धा नाही.