नातं तात्पुरतं स्थगित

उमेदवाराला सगळे उमेदवारच म्हणत. आईसुद्धा. सरकारी लेखापरीक्षक होण्याची परीक्षा तो इतकी वर्षं देत होता, की त्याचं खरं नाव फक्त मतदारयादीत उरलं होतं. लेखी पेपर यंदा एकदाचे सुटले. राहिलं प्रात्यक्षिक. एका सरकारी कार्यालयाचा साठा तपासायचा, शंका लेखी विचारायच्या, उत्तरं लेखी घ्यायची आणि फाईल परीक्षकांपुढे ठेवायची. वयाची अट बघता ही शेवटचीच संधी. आणि नशीब बघा कसं खट्याळ, कार्यालय मिळालं ते पाणीपुरवठ्याचं भांडार, जिथे भांडारपाल म्हणून बसत होती खुद्द त्याची बायको!

जवळच्या नातेवाइकाचा साठा तपासता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. याने तसं परीक्षा विभागाला कळवलं. विभागाने डोकं खाजवलं आणि उत्तर धाडलं: कार्यालय बदलता येणार नाही, नातं मात्र प्रात्यक्षिकापुरतं स्थगित ठेवता येईल. त्या काळात भांडारपालांशी फक्त कामाचं बोलावं, तेही लेखी. त्यांच्या हातचं काही खाऊपिऊ नये.

"स्थगित म्हणजे काय रे?" आईने विचारलं.

"म्हणजे नातं आहे, पण चालू नाही."

"मग तुमचं नेहमीचंच की," आई म्हणाली.

बायको हसली नाही की चिडली नाही. कामाला पक्की बाई. त्याच संध्याकाळी तिने त्याचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगला आणि चहा टाकला तो स्वतःपुरता आणि सासूपुरता. उमेदवार अंडी उकडायला गेला, तर पाणी आटलं आणि पातेलं करपलं. आईला दया आली. तिने आपलं ताट पुढे सरकवलं, तर पठ्ठ्या विचारतो कसा, "भाजी कुणी चिरली?"

"तुझ्या भांडारपालांनी."

"मग नको."

"मर मग उपाशी!" आईने ताट परत ओढलं.

भांडारात मात्र त्याची पंचाईत झाली. नळ, पाइप, मीटर, व्हॉल्व्ह, सगळं जागच्या जागी. कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्याने उगाच एक शंका काढली: 'जुने व्हॉल्व्ह नव्यांच्या खोलीत का?' समोरच्या टेबलावरून उत्तर आलं: 'नव्यांना वळण लागावं म्हणून नव्हे. जुन्यांची खोली गळते म्हणून.' तो खुदकन हसला आणि घाईघाईने खोकला. तिची खोली गळते हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिची उत्तरं तो दोन-दोनदा वाचू लागला. मार्क त्यांवरच होते ना!

शेवटच्या दिवशी त्याने मान वर केली, तर तिचे डोळे सुजलेले. विचारायचं कसं? तोंडाने बोलायला बंदी. शेवटी सवयीने कागद ओढला, क्रमांक टाकला आणि लिहिलं: 'भांडारपालांचे डोळे सुजलेले दिसतात. कारण द्यावे.' तिने कागद वाचला आणि उत्तराची जागा कोरीच ठेवून फाईलला लावला.

दुपारी परीक्षक आले. बोटाला थुंकी लावत फाईल उलटत गेले. "छान. उत्तम. वा!" मग थांबले. "हे काय? डोळे साठ्यात येतात?"

"नाही साहेब."

"म्हणजे नवरा म्हणून विचारलंत. नातं चालू होतं, असं धरावं लागेल. नापास."

उमेदवाराने आपलीच शंका पुन्हा एकदा वाचून बघितली.

परीक्षकांनाही जरा वाईट वाटलं असावं. "एक करा. 'शंका अनवधानाने विचारली, मागे घेतो' असं लिहा आणि सही ठोका. पास करून टाकतो."

उमेदवाराचा जीव भांड्यात पडला. त्याने पेन उघडलं.

"घ्या मागे," बायको तिच्या टेबलावरून म्हणाली. "मी तरी कुठे उत्तर लिहिलंय? म्हटलं, परीक्षा झाल्यावर सांगू. इतकी वर्षं तेच तर करतेय."

त्याचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"काय झालंय?"

"बोलू नका. नापास व्हाल."

"लेखी! लेखी विचारा!" परीक्षक ओरडले.

"अगं, झालंय काय?"

झालं! 'अगं' म्हटलं आणि सगळं संपलं. एवढी वर्षं, एवढी जाग्रणं, सगळं पाण्यात. परीक्षकांनी कपाळाला हात लावला, शेरा मारला आणि फाईल काखेत घेऊन ते चालते झाले.

"माझी आई मला ओळखत नाही हो," ती म्हणाली. "दर शनिवारी तिच्याकडे जाते. परवा मला म्हणाली, बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

शनिवारी तिला जादा काम असतं, असं तो समजत होता. त्याने स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसला.

"कधीपासून?" त्याने विचारलं, आणि ती सांगायला लागली.