पहिल्या धारेची साक्ष

रत्नाकर उजागरे यांच्या आयुष्यात तशी काही कमी नव्हती. फक्त सांगण्यासारखं पाप नव्हतं.

सबंध नोकरी जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात, हिशेब विभागात झाली. विडी नाही, पत्ते नाहीत. परस्त्रीकडे पाहायचं तर चष्म्याचा नंबर वाढवून घ्यावा लागला असता. अधारतालच्या घरात शकुताईंबरोबर सुखाचा संसार आणि रविवारी दुपारी मराठी मंडळीची उपासना. चर्च सकाळी हिंदीवाल्यांचं, दुपारी मराठीवाल्यांचं. त्यामुळे बाकं आधीच कोमट झालेली मिळत.

उपासनेच्या शेवटी साक्ष असे. म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सांगायचं, की मी अमुक पापात बुडालो होतो आणि प्रभूनं मला असं वर काढलं. मग सगळ्यांनी "हालेलूया!" म्हणायचं. जितकं पाप खोल, तितका हालेलूया मोठा.

या बाबतीत टिकाराम शेंद्रे यांचा हात कोणी धरू शकत नसे. टिकाराम रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि त्याआधी दारूतून. "मी नाल्यात पडलो होतो," ते सांगत. "वाटलं, घरीच आहे. बाजूला डुक्कर झोपलं होतं. त्याला बायको समजून म्हटलं, जरा सरक ना. अन् ते सरकलं! तेव्हा समजलं, ही बायको नव्हे." बाया आधी हसत, मग डोळ्यांना पदर लावत. पाळकसाहेबसुद्धा चष्मा पुसत.

रत्नाकररावांनी एकदा आपलीही साक्ष दिली होती. प्रभूच्या कृपेनं त्यांची चहातली साखर सुटली होती.

"काय सुटलं?" मागच्या बाकावरून पार्वताबाईंनी विचारलं.

"साखर."

"अच्छा," म्हणून त्या पुन्हा टेकून बसल्या. हालेलूया कोणीच म्हटलं नाही.

हे शल्य आत कुठेतरी रुतून बसलं असावं. कारण ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी टिकारामांचं डुक्कर सरकून झालं, पाळकसाहेबांनी "आणखी कोणी?" म्हटलं, आणि रत्नाकरराव उभे राहिले. गुडघेदुखी थांबल्याबद्दल आभार मानायचा त्यांचा प्रामाणिक बेत होता.

"मंडळी," ते म्हणाले, "मीही प्यायचो."

चर्चमध्ये अशी शांतता झाली की पंख्याला आवाज असतो हे सगळ्यांना प्रथमच कळलं. त्या शांततेची चव रत्नाकररावांच्या जिभेला लागली. मग त्यांना थांबता आलं नाही. मोहाची दारू आली, तीही पहिल्या धारेची. कारखान्याच्या भिंतीमागची झुडपं आली. शेवटी बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं. तिसऱ्या बाकावर शकुताईंनी गळ्याकडे हात नेऊन मंगळसूत्राचा क्रूस जागेवर आहे का ते चाचपून पाहिलं.

हालेलूया असा उठला, की छतावरची कबुतरं उडाली.

घरी आल्यावर शकुताईंनी आधी पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाल्या, "अहो, खोकल्याचं औषध घेतलं तर तुम्ही दोन दिवस उठत नाही. मोहाची काय पिता? अन् खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आहे ना आपली?"

"नीट वाच," रत्नाकरराव म्हणाले. हिशेब विभागातला माणूस नियमातली फट लगेच हुडकतो. "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी आज्ञा आहे. मी स्वतःविरुद्ध दिली."

"अन् मी कोणाच्या शेजारी झोपते इतकी वर्षं?"



पण साक्षीसाठी बोलावणी सुरू झाली. शहरातल्याच घमापुरात एका घरी प्रार्थनासभा होती, पलीकडे गढ्यात दुसरी. घमापुरात बाटली होती, गढ्याला पोचेपर्यंत तिचं पिंप झालं. इकडे मंडळीतल्या बाया शकुताईंचा हात हातात घेऊन "कितना सहा है दीदी ने" म्हणू लागल्या. पार्वताबाई तर डबाच पाठवू लागल्या. शकुताई डबा घेत, आणि नवऱ्याकडे बघत भरीत खात.

आणि एक दिवस दिवेलागणीला टिकाराम दारात उभे राहिले.

"या, टिकारामभाऊ. आज इकडे कसे?"

टिकाराम बसले. चपला मात्र दारात न काढता आत घेऊन आले होते. त्या पायांशी ठेवल्या. त्यांच्याकडे बघत म्हणाले, "भैया, दुसऱ्या कोणाला नाही सांगू शकत. तुम्ही पिऊन सोडली, तुम्हाला समजेल. मला अजून वाटते."

"काय वाटते?"

"प्यावीशी. रोज, याच वेळेला. इतकी वर्षं झाली, पण हटून नाही राहिली. लोकांना वाटते, प्रभूनं एकदा ओढून काढलं, झालं काम. आता कोणत्या तोंडानं सांगू? हालेलूया वापस घ्यायचे काय त्यांच्याकडून?" ते कसंनुसं हसले. "आज पाय दुकानाकडेच चालले होते. मधे तुमचं घर लागलं."

रत्नाकरराव अनुभवी माणसाचा चेहरा करून म्हणाले, "लवंग चघळा."

"चघळून पाहिली. अच्छा, एक सांगा. ती वेळ आली की तुम्हाला कुठं होते? पोटात का घशात?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. शकुताई कान देऊन भाकरी थापत होत्या.

"घशात," रत्नाकरराव म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सवय. "आणि थोडंसं गुडघ्यात."

"गुडघ्यात?"

"हो. डाव्या."

टिकारामांचा चेहरा पडला. "मला तर गुडघ्यात कधीच नाही झालं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे माझं काहीतरी अलगच आहे. तुमच्यासारखं नाही. मग तुमचा इलाज मला कसा चालेल?" आणि त्यांनी पाय चपलेत घातला.

एक पाय आत गेला. दुसरा चाचपडत होता. दुकान चौकातच होतं. रत्नाकररावांना आयुष्यात प्रथमच एखाद्या गोष्टीची खरीखुरी भीती वाटली. टिकाराम इतकी वर्षं उभे होते ते केवळ प्रभूच्या भरवशावर, आणि आता त्यांना ढकलून पाडणार होता रत्नाकर उजागरेचा डावा गुडघा.

"टिकाराम, मी कधीच प्यायलो नाही."

"काय?"

"थेंबसुद्धा नाही. सगळं खोटं. ती झुडपं, ते मंगळसूत्र. सगळं."

"काहून पण?"

काहून, हे रत्नाकररावांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. ते विचार करत, अडखळत सांगू लागले, आणि या वेळी सजवायला काही सुचेना. "शनिवारपासूनच चुळबुळ सुरू होते. ठरवतो, उद्या गप बसायचं. शकुला वचनपण देतो. मग पाळकसाहेब 'आणखी कोणी' म्हणतात अन् घसा कोरडा पडतो. वाटतं, एकदाच. बस एकच वाक्य. मग एकाचे दहा होतात, लोक ओरडतात, डोकं हलकं हलकं होते. घरी येतो तर तोंड कडू. बायकोकडे बघवत नाही. म्हणतो, आता संपलं. अन् सोमवारी पुन्हा मनात नवीन वाक्य जुळवत बसतो."

टिकारामांनी चपलेतला पाय बाहेर काढला.

"भैया," ते म्हणाले, "हेच. अगदी हेच! ते 'बस एक' आहे ना, तेच. अन् ते तोंड कडू होणं. तुम्ही तर पक्के बेवडे आहात!"

इतक्या आनंदानं हा शब्द रत्नाकररावांना कोणी कधी बहाल केला नव्हता.

"मग प्रार्थना करू," रत्नाकरराव म्हणाले.

रत्नाकररावांची प्रार्थना मंडळीत नावाजलेली होती. ती सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघे आणि जेवण गार झाल्यावर पोचे. आज त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू, आम्ही दोघं सारखेच आहोत. आमच्यानं होत नाही. तू धर. आमेन."

टिकारामांनी एक डोळा उघडला. "झाली?"

"झाली."

"मग खरी असेल."

शकुताईंनी काही न विचारता दोन ताटं आणून ठेवली. झुणका-भाकर खाऊन होईपर्यंत ती वेळ टळली होती. तहान गेली नव्हती, बाहेर ओट्यावर बसली असेल. पण दार उघडून आत आली नाही. टिकाराम थेट घरी गेले.

"आता चर्चमध्ये सांगावं लागेल," शकुताई म्हणाल्या.

"सांगतो. पण उभा राहिलो की मला राहवणार नाही."

त्याची सोय टिकारामांनी केली. रविवारी ते शेजारी बसले आणि त्यांनी रत्नाकररावांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

"मंडळी," रत्नाकरराव उभे राहून म्हणाले, "मी कधी प्यायलो नाही. मंगळसूत्र गहाण ठेवलं नाही. वाहवेसाठी खोटं बोललो. शकुची माफी मागतो, तुमची मागतो. प्रभूची मागितली आहे."

मागच्या बाकावरून पार्वताबाई म्हणाल्या, "म्हणजे मी जे डबे पाठवून राहिली होती ते?"

"फार छान होते बाई," शकुताई म्हणाल्या. "भरतात मीठ जरा कमी."

कोणीतरी हसलं. कोणीतरी डोळे पुसले. आणि मागून एक आवाज आला, "हालेलूया!" मग दुसरा, मग सगळ्यांचा, आजवरचा सर्वांत मोठा. रत्नाकररावांचं डोकं हलकं झालं, छाती भरून आली. "मंडळी," ते हात उंचावून म्हणाले, "असत्याच्या त्या काळ्याकुट्ट, भयाण दरीत मी जेव्हा—"

सदरा ओढला गेला. ते धप्पकन खाली बसले.

बाहेर पडताना घमापूरच्या सभेवाल्यांनी त्यांना गाठलं. "भैया, ही तर पहिलीपेक्षाही जबरदस्त साक्ष! पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे? जरा विस्तारानं?"

रत्नाकररावांनी तोंड उघडलं. मिटलं. सगळी नोकरी करायला त्यांना इतका जोर लागला नसेल. "नाही जमणार," ते शेवटी म्हणाले. "खोटं बोललो एवढंच सांगा त्यांना. तेवढं पुरे."

रत्नाकरराव आणि टिकाराम पायीच निघाले. दारूचं दुकान लागू नये म्हणून टिकारामांनी लांबचा रस्ता धरला.

"मनात बोलून राहिले ना?" टिकारामांनी विचारलं.

"हो," रत्नाकररावांनी कबूल केलं. "दरीपर्यंत पोचलो होतो."

"सांगा मग मला. एकट्याला सांगितली तर चढत नाही."

रत्नाकररावांनी सुरुवात केली. दरीत पडून झालं, काळोख झाला, भयाण वारा सुटला. टिकाराम नुसते "हूं, हूं" करत चालत राहिले. हालेलूया एकदाही म्हणाले नाहीत. निम्म्या रस्त्यात दरी आपोआपच सपाट झाली, आणि रत्नाकररावांनी विचारलं, "आज संध्याकाळी येता ना?"

"येतो की," टिकाराम म्हणाले. "पण ताईंना सांगा, झुणक्यात लसूण जरा जास्त टाका म्हणावं."