अण्णांचं मत, आईंच्या हाती

आमचे सासरे, अण्णा, दर निवडणुकीला मतदान केंद्राच्या फाटकापर्यंत सासूबाईंना बजावत जायचे, "सगुणा, सांगितलंय तिथंच शिक्का मारायचा. इकडंतिकडं बघायचं नाय." आई मान डोलवायच्या. अण्णांचा उमेदवार त्यांना कधीच पटायचा नाही, हे मला पोळ्या लाटताना कळायचं. आत जाऊन त्या काय करायच्या, ते अण्णांनी कधी विचारलं नाही. विचारावं लागतं, हेच त्यांच्या गावी नव्हतं.

यंदा दोघंही नव्वदीला टेकलेले, म्हणून निवडणूक आयोगाचं पथक गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर मत घ्यायला आलं. डायनिंग टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. अण्णा चाचपडत आईंच्या शेजारी येऊन बसले.

"बाबा, आजी एकट्याच मत देतील. तुम्ही आत थांबा," पथकाच्या देवरेमॅडम म्हणाल्या.

"माझंच घर हाय हे."

"हो बाबा. पण एवढं टेबल आत्ता मतदान केंद्र आहे."

अण्णा उठले. त्यांना त्यांच्याच घरात कुणी उठवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मनातून सुखावले, खोटं कशाला बोलू. आईंनी अगदी निवांत मत दिलं.

मग अण्णांची पाळी आली. गेल्या वर्षी त्यांची नजर गेली होती. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वतीने खूण करायला विश्वासाचं माणूस घेता येईल. कोण हवं?"

मला वाटलं, मुलाचं नाव घेतील.

"सगुणा," अण्णा म्हणाले.

ते सांगतील तिथंच खूण करीन, कुणाला सांगणार नाही, असं मॅडमनी आईंकडून लिहून घेतलं. आम्हाला स्वयंपाकघरात पाठवलं. दारातून दिसलं, अण्णा आईंच्या कानाशी लागले होते. चेहरा अगदी कोकरासारखा. आजवरचं सगळं उट्टं काढायला आईंना पेनाची एक रेघ पुरे होती. मी असते तर काढलंच असतं.

पथक गेलं. चहा घेताना अण्णांनी बशी चाचपडत विचारलं,

"सगुणा, मी बोललो तिथंच ना?"

आईंनी बशी त्यांच्या हातात नीट धरायला दिली.

"तिथंच. मला नाय पटलं, पण मत तुमचं हाय."

अण्णांचे डोळे भरून आले. माझेही. जरा वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "आन् तुझं कुणाला?"

"ते सांगायचं नसतं," आई म्हणाल्या.

अण्णांनी मान डोलावली.