धावपट्टीवरची जीप

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. बाहेर लख्ख ऊन, आभाळात औषधालाही ढग नाही, आणि रडारच्या पडद्यावर मात्र हाहाकार. रडारवाल्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डोंगराच्या पायथ्याच्या त्या छोट्या विमानतळावर गेली अकरा वर्षं त्यांचं हेच काम होतं: रडारच्या लहरी वर सोडायच्या आणि हवेतल्या घुसळणीवर आपटून जे परत येईल, त्यावरून कुठल्या उंचीवर वारा काय धिंगाणा घालतोय ते वाचायचं. आज डोंगरावरून उतरणारा वारा सहाशे मीटरवर गिरकी घेऊन सेकंदाला नऊ मीटरच्या वेगाने खाली कोसळत होता. असला आकडा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

आणि धावपट्टीच्या टोकाला त्यांचा धाकटा दीर सहा प्रवासी घेऊन निघायच्या तयारीत होता.

त्यांनी टॉवरमध्ये मॅनेजरला फोन लावला. "साहेब, उड्डाण थांबवा. वर गेलं तर विमानाचे तुकडे होतील."

"मागच्या महिन्यातही तुम्ही असंच आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतंत. झालं काय? पान हललं नाही. बाहेर बघा जरा, बाई!" फोन आपटला गेला.

बाई धावत सुटल्या, ऑफिसची जीप काढली, फाटकाचा दांडा मोडून थेट धावपट्टीच्या मधोमध आडवी उभी केली. समोरून विमान वेग घेत येत होतं. ब्रेक किंचाळले, टायर फुटला आणि पंख जीपपासून पंधरा पावलांवर थांबला.

दीर उडी मारूनच उतरला. "वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं? आत माणसं आहेत!"

"म्हणूनच, भाऊजी!"

तेवढ्यात मॅनेजर धापा टाकत पोचला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने बाईंना दंडाला धरून जीपबाहेर ओढलं आणि कानाखाली असा आवाज काढला की त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चष्मा उडाला. दुसरा हात उगारला, तेव्हा बाईंनी त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दिराने मागून त्याची मान आवळली. तिघेही डांबरावर कोसळले.

मॅनेजरच्या कमरेचा वायरलेस खरखरला. टपालाचं विमान उतरायला आलं होतं. त्याचा वैमानिक विचारत होता, "पट्टीवर जीप कसली? मी परत वर चाललोय."

"वर नको!" बाई रक्ताळल्या तोंडाने ओरडल्या आणि वायरलेसवर झेपावल्या. बटण दाबेपर्यंत उशीर झाला होता.

छोटं विमान त्यांच्या डोक्यावरून वर चढलं आणि डोंगराच्या बाजूला जाताच कुणीतरी चापट मारावी तसं उलटं झालं. एक पंख निखळून वेगळा पडला. उरलेलं विमान शेतात नाकावर आदळलं आणि पेटलं. दीर धावत गेला. त्याने वैमानिकाला ओढून काढलं खरं, पण त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत भाजले, आणि वैमानिक दुपारपर्यंतही टिकला नाही.

चौकशी बसली. बाईंच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी हाताला पट्ट्या बांधलेला दीर घरी आला. "वहिनी, जीपमुळे तो वर गेला, हे तोंडातून काढू नका. तुमच्यामुळे सात जण जिवंत आहेत."

"आणि आठवा?"

चौकशीत बाईंनी सगळं सांगितलं. दीडशे मीटरच्या खाली आपलं रडार आंधळं असतं, हेही सांगितलं. पट्टी मोकळी असती तर तो सुखरूप उतरला असता की जमिनीजवळच आपटला असता, हे रडारच्या नोंदींत कुठेच नव्हतं. मॅनेजर निलंबित झाला, बाईंनाही दोन महिने घरी बसवलं, आणि रडारचा पडदा आता टॉवरमध्येही लावला गेला.

मग एका दुपारी बाई त्या वैमानिकाच्या आईकडे गेल्या. दीर हट्टाने बरोबर आला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जीप नसती तर माझा मुलगा वाचला असता का?"

"मला माहीत नाही, आजी."

म्हातारीने हातातला काचेचा पेला त्यांच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली. ती दुसरं काही शोधत होती, सापडेल ते फेकत होती, आणि बाई जागच्या हलत नव्हत्या. शेवटी दिराने त्यांना उचलल्यासारखं बाहेर नेलं.

दवाखान्यात तो वैतागून म्हणाला, "गेला होतात कशाला? 'वाचला नसता' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

डॉक्टरांनी पहिला टाका घातला तशा बाई ओरडल्या, आणि टाके संपले तरी ओरडतच राहिल्या. दिराने आपल्या भाजलेल्या हातात त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.