दुसऱ्या टप्प्याची गल्ली

आमरीन वाळूजच्या कामगार वस्तीत घरोघरी जाऊन लोकांना त्यांचं लहानपण विचारायची. सरकारी पैशातून चाललेला अभ्यास होता. लहानपणी ज्यांनी मार खाल्ला, घरात मारहाण पाहिली, ती माणसं पुढे आपल्या लेकरांशी कशी वागतात आणि हे कुठंतरी थांबवता येतं का, हे बघायचं होतं. बायका दार लोटून, आवाज खाली आणून का होईना, बोलायच्या. पुरुष मात्र ती दिसली की पायात चपला सरकवून टपरीकडं निघायचे.

सत्यम निघाला नाही. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, पहिली पाळी करून नुकताच आला होता. बायको निशा पोळ्या लाटत होती. सहा वर्षांची सोनिया दप्तर उलटं करून झटकत होती.

"लहानपणी कुणी वळ उठेपर्यंत मारलं होतं का?" आमरीननं विचारलं.

तो हसला. "कुणी म्हंजे? बापानं. तिकडं सोयगावला. बैल सोडायचा आन् त्याच दाव्यानं मला बांधायचा." मग त्याचं हसू उतरलं. "म्या बी आता तसाच झालोय, ताई. परवा ह्या पोरीच्या तोंडात मारली. का, तर टीव्हीचा आवाज मोठा होता. हात उठून गेल्यावर कळतं, आधी नाय कळत. ह्याला काही इलाज असतो का?"

निशाचं लाटणं थांबलं. आजवर एकाही घरात आमरीनला हे कुणी विचारलं नव्हतं.

इलाज होता, तोच तर तपासून बघायचा होता. दर रविवारी समाजमंदिरात आईबापांचा वर्ग भरायचा. राग चढताना अंगात काय होतं ते ओळखायचं, तेवढ्यात तिथून बाजूला व्हायचं, लेकराशी पुन्हा कसं बोलायचं, हे सगळं तिथं करून घ्यायचे. पण तुलना करता यावी म्हणून निम्म्या गल्ल्यांना वर्ग आधी आणि उरलेल्यांना वर्षभरानं. कुणाला कधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. सत्यमची गल्ली दुसऱ्या टप्प्यात आली होती.

"पुढच्या वर्षी तुमचा नंबर लागेल, भाऊ."

"वर्ष म्हंजे लई झालं की," तो म्हणाला.

त्यानंतर ती वस्तीत दिसली की तो गाडी थांबवायचा. पलीकडच्या गल्लीतला साकिब त्याच्याच कारखान्यात होता आणि वर्गाला जायचा. "साकिब म्हणतो, आता राग आला की तो नळावर जाऊन बसतो. पोरं बी त्याच्या अंगाखांद्यावर खेळायलीत. मला बी बसू द्या ना मागं. तोंडातून शब्द काढणार नाय."

आमरीननं अभ्यासाच्या प्रमुख विशाखा मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एकाला घेतलं की त्याच्या गल्लीतल्या सगळ्यांना घ्यावं लागेल. मग वर्गानं फरक पडला हे सिद्ध कसं करायचं? आणि ते सिद्ध झालं नाही, तर सरकार ही योजना कुठंच नेणार नाही. त्याला म्हणावं, थोडं थांबा."

तो थांबला. वर्ष सरलं. पहिल्या टप्प्यातल्या घरांत मारहाण खरंच कमी झाली होती. अहवाल गेला, आणि पाठोपाठ पुढचा निधी बंद झाल्याचं कळलं. मॅडम मुंबईला जाऊन आल्या. तिथं एका साहेबानं त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, "मारहाणीला पोलीस आहेत, मॅडम. अभ्यास करून कुणाचा हात धरता येतो का?"

सत्यमला सांगायला आमरीन स्वतः गेली. तो दारातच उभा राहिला.

"म्हंजे आता नायच?"

"सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. मी येते तुमच्यासोबत."

ती त्याला घेऊन गेली. रांग मोठी होती. डॉक्टरनं झोप येते का विचारलं, गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी मशीनवर डुलकी लागायला लागली, तशा त्यानं त्या सोडल्या. मग तिनं स्वतःच रविवारी वर्ग घेऊन पाहिला. पहिल्या खेपेला तिघं आले. शिकवणारी माणसं कधीच दुसऱ्या कामांना लागली होती, आणि तिला येत होतं ते फक्त प्रश्न विचारणं. पुढच्या रविवारी एकटा सत्यम आला. दोघं रिकाम्या सतरंजीवर थोडा वेळ बसले आणि उठले.

दिवाळीच्या सुट्टीत निशाचा फोन आला. सोनियाच्या हातून त्याचा मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला होता. पोरीचा हात कोपराखाली मोडला होता.

आमरीन दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर सोनियाला विचारत होते, कसं लागलं.

"जिन्यावरून पडले," पोर म्हणाली. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं. त्यांची खोली तळमजल्यावर होती.

आमरीननं डॉक्टरांना खरं सांगितलं. न सांगून चालणारच नव्हतं. पोलीस आले. सत्यम बाहेर कट्ट्यावर बसला होता, त्यानं काही नाकारलं नाही. उठताना तिच्याकडं बघून म्हणाला, "ताई, तुम्ही विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. मला वाटायचं, समद्याच घरात असंच असतं."

पोलीस त्याला घेऊन गेले.

जामीन व्हायला वेळ लागला, तोवर कारखान्यातल्या कंत्राटदारानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. निशानं खोली सोडली. ती शेंद्र्याला भावाकडं निघाली तेव्हा आमरीन भेटायला गेली, सामान टेम्पोत चढवू लागली. निशानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"भाऊ बी सरळ नाय माझा, त्याचा बी हात उठतो. पण दुसरं घर नाय मला," ती म्हणाली. "तिकडं तुमची माणसं येत्यात का?"

"नाही."

"बरं," निशा म्हणाली आणि पोरीला उचलून पुढं बसवलं. सोनिया प्लास्टरचा हात मांडीवर धरून समोरच्या काचेकडं बघत राहिली. टेम्पो सुरू झाला तरी तिनं मान वळवली नाही.