सुरईचा डाग

मित्रांनो, मी सागाचे एक टेबल आहे. माझे वय तेरा वर्षे. सागाच्या लाकडाला हे काही म्हातारपण नव्हे; तरी घरी येणारे मला जुने म्हणतात, कारण माझ्या फळीवर एक पांढरट गोल डाग आहे. ज्यांनी मला करवून घेतले त्या पास्कल रामाजी इंगळे यांची आठवण सांगायची, तर या डागाबद्दलच सांगावे लागेल.

१९४७ च्या उन्हाळ्यात सौसरच्या नत्थूजी सुतारांनी मला घडवले. पास्कलबाबा तेव्हा पांढुर्णा स्टेशनवर पॉइंट्समन होते. गाडी कोणत्या रुळावर जाईल ते त्यांच्या हातातल्या खटक्याने ठरे. मापे त्यांनी कागदावर लिहून आणली होती.

"जेवाले पाहिजे का पूजेले?" नत्थूजींनी विचारले.

"दोन्हीले."

"मंग पाय जाड ठेवतो जी. तुमच्या देवाचं वजन मले ठाऊक नाही."

बाबा हसले. नंतरच्या वर्षांत मी त्यांना फार थोडे हसताना पाहिले.

बैलगाडीतून मी पांढुर्ण्याला, त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले. त्या ऑगस्टात स्टेशनवर चढलेला तिरंगा माझ्यावरच शिवला गेला. गावात चर्च नव्हते. रेल्वेतली पाच कॅथलिक कुटुंबे होती, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नागपूरहून सकाळच्या गाडीने फादर येत. त्या दिवशी बाबांची सून उर्मिला माझ्यावरची ताटे काढून तीन पांढरी कापडे अंथरी. मधोमध क्रूस, दोन बाजूंना मेणबत्त्या. फादर पिशवीतून चौकोनी पवित्र दगड काढून माझ्यावर ठेवत आणि मिस्सा, म्हणजे प्रसादाची उपासना, म्हणत. तासभर मी वेदी असे. मग कापडांची घडी होई, पोह्यांच्या बश्या येत आणि मी पुन्हा टेबल होई.

मिस्सेत ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादरांच्या हातची पवित्र भाकर, घ्यायचा, तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबही नाही, असा तेव्हाचा नेम होता. बाबा तो डोळ्यांत तेल घालून पाळत आणि घराकडून पाळून घेत.

एप्रिल १९५१ मध्ये त्यांची नात रजनी पहिला ख्रिस्तप्रसाद घेणार होती. वय सात. उर्मिलाने पांढरा फ्रॉक शिवला होता. सकाळी चूळ भरताना रजनी घोटभर पाणी गिळून बसली. कोणी पाहिले नव्हते. तिनेच येऊन सांगितले.

"आबा, पाणी गेलं पोटात."

बाबा म्हणाले, "आज नाही. पुढच्या वेळी."

शेजारच्या शकुबाई संत्र्यांची टोपली घेऊन दारात आल्या होत्या. त्या हिंदू, पण या घरातल्या प्रत्येक गोष्टीत त्यांना बोलायचे असे.

"काहून जी पास्कलभाऊ? लेकराच्या एका घोटानं तुमचा देव बाटला काय?"

"नेम आहे, शकुबाई."

"नेम मोठ्या माणसाले. लेकराले तहान."

बाबा मेणबत्त्या लावायला वळले. सगळे प्रसाद घेऊन उठले तेव्हा रजनी माझा पाय घट्ट धरून उभी होती. पुढच्या महिन्यात फादर आजारी पडले, नंतर पावसाने रस्ता आणि गाड्या दोन्ही अडवले. तिला प्रसाद मिळायला पाच महिने लागले. तोवर फ्रॉक आखूड झाला होता.

१९५३ मध्ये बाबांचा मुलगा लूकस नागपूरहून आला आणि टोपी माझ्यावर ठेवून म्हणाला, "बाबा, नेम बदलला. साधं पाणी प्यालं तरी आता चालते. आज मिस्सेत वाचून दाखवलं."

"तू स्वतः ऐकलं?"

"ह्याच कानांनी."

बाबांनी माझ्यावर पंजा टेकवला. बराच वेळ तो उचलला नाही. कोपऱ्यात रजनी पाटीवर गणिते करत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले. त्यानंतर घरात सगळे पाणी पिऊन मिस्सेला बसू लागले. बाबा मात्र प्यायले नाहीत, एकाही रविवारी नाही. उर्मिलाला वाटे, म्हातारा हट्टी आहे. मलाही तसेच वाटे.

त्या वर्षांत पुष्कळ काही बदलले. डब्यांवरची रेल्वे कंपनीची अक्षरे आधीच पुसली गेली होती. बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर रेल्वेतच लागलेल्या लूकसच्या नावावर झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेले. आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो आणि आमची राजधानी भोपाळ झाली. शकुबाई म्हणाल्या, "राज्य बदललं, राजधानी बदलली, पास्कलभाऊचा नेम तेवढा बदलून नाही राहिला." जुने फादर थकले होते. नवे तीन-तीन महिन्यांनी येत.

मे १९५७. बाबांना सहा दिवस ताप होता. रेल्वेच्या डॉक्टरांनी लूकसला बाहेर नेऊन सांगितले, "आशा कमी आहे. पाणी पाजत राहा." लूकसने स्टेशनवरून तार केली. फादरांचे उत्तर आले: उद्या दुपारी बाराच्या गाडीने येतो, शेवटचा प्रसाद घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्मिलाने मला बाबांच्या खाटेला लावले, कापडे अंथरली. एक कोपरा मोकळा ठेवून तिथे मातीची सुरई भरून ठेवली. बाहेर लूचे भाजणारे वारे सुरू झाले होते. बाबांचे ओठ फुटले होते.

"बाबा, एक घोट घ्या."

"फादर येऊन राहिले ना? मंग नंतर."

बारा वाजले. स्टेशनवरून निरोप आला की गाडी तीन तास लेट आहे.

शकुबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "उर्मिले, पाहत काय राहिली? पाज त्याले!"

"कसं पाजू मावशी? त्यांच्या लेखी प्रसाद बुडाला तर मले माफ करतीन काय?"

तेव्हा रजनी पुढे आली. ती तेरा वर्षांची झाली होती. तिने सुरईतून पेला भरला आणि तो त्यांच्या ओठांजवळ नेला.

"आबा, आता चालते पाणी. नेम बदलला ना?"

बाबांनी डोळे उघडले. शब्द सावकाश आले, पण स्पष्ट होते.

"तुले नाही पिऊ दिलं म्या. मी कसा पिऊ?"

"मी विसरली आबा ते."

"मी नाही विसरलो, बाई."

त्यांनी तोंड फिरवले. रजनीने पेला माझ्यावर ठेवला. चार वर्षे मी ज्याला हट्ट समजत होते तो काय होता, ते मला तेव्हा कळले. उशीर झाला होता.

अडीच वाजता बाबा गेले. गाडी तीन वाजून दहा मिनिटांनी आली. फादर घामाने भिजलेले, जवळजवळ धावत आत आले. त्यांनी प्रार्थना म्हटल्या, बाबांच्या कपाळाला पवित्र तेल लावले. मग त्यांचे लक्ष भरलेल्या पेल्याकडे गेले. त्यांनी विचारले आणि लूकसने सगळे सांगितले.

फादर खाली बसले. "मरणाच्या दारातल्या माणसाला हा नेम लागू नाही," ते म्हणाले. "पाणी तर आता सगळ्यांनाच चालतं, आणि मरणाऱ्याला पूर्वीही चालत होतं. तुम्ही विचारलं असतं तर..." कोणाला विचारणार होते? फादर नागपूरला होते आणि इतक्या वर्षांत आमच्या या घरात कोणी मेलेच नव्हते.

बाबांना उचलून माझ्यावर ठेवायचे होते, म्हणून उर्मिलाने सुरई हलवली. दिवसभर झिरपलेल्या पाण्याने खाली गोल डाग उमटला होता.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. गेल्या आठवड्यात लूकस पॉलिशवाल्याला घेऊन आला होता. रजनी म्हणाली, "बाकी सगळं घासा. तेवढा डाग राहू द्या." पॉलिशवाला घाम पुसत उभा होता. आधी तिने त्याला पाणी दिले; मग डाग दाखवला.

मित्रांनो, माझ्यासारखी टेबले सहसा तुमच्याकडे पॉलिश मागतात, उन्हापावसापासून जपा म्हणतात. मला ते नको. तुमच्या घरी कोणी आजारी असेल, तर त्याच्या हाताशी पाणी ठेवा आणि तो नको म्हणाला तर का नको म्हणतो, ते वेळेवर विचारा. आम्हा सगळ्यांना चार वर्षे मिळाली होती. आम्ही कोणी विचारले नाही.