अ आणि ब

थिअरी दादाला तोंडपाठ होती. करार म्हणजे काय, प्रस्ताव कधी संपतो, संमती मुक्त कधी नसते, सगळं घडाघडा म्हणायचा. घोडं अडायचं ते केसच्या प्रश्नात. ज्याची दया येई त्याला जिंकवून हा मोकळा.

"अगं, यातल्या म्हाताऱ्याने भरवशावर दुकान सोपवलं ना!" तो म्हणायचा.

"म्हातारा राहू दे. अ आणि ब. आधी तथ्यं, मग नियम, नियम तथ्यांना लाव, मग निकाल. मन मध्ये घालू नकोस."

आमचं पडदे शिवायचं दुकान. मी मशीनवर, तो समोर कापडाच्या गठ्ठ्यावर बसलेला, बाबा कापायच्या टेबलाशी. त्याची पुस्तकं मी पडद्यांच्या घड्या घालता घालता वाचून काढली होती, म्हणून शिकवणी माझ्याकडे. व्यापारी कायद्याचा हा एकच पेपर त्याचा राहिला होता आणि तो सुटल्याशिवाय माझी सुटका नव्हती. माझी शाळा संपली तेव्हा बाबांनी दोघांना समोर बसवून ठरवलं होतं: आधी दादा शिकेल, मी दुकान बघेन, त्याची पदवी झाली की तो दुकानात, मी कॉलेजात. दादाने माझ्या हातावर हात ठेवून 'नक्की' म्हटलं होतं.

हल्ली मात्र जेवताना दादा नोकरीचं बोलायचा, बाबा मान डोलवायचे, आणि दुकानाचं नाव कुणी काढायचं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात सरळ विचारलं की उद्धटपणा ठरतो. मग मी त्याला सोडवायला एक केस घातली.

"अ आणि ब भावंडं. ब ने दुकान सांभाळायचं, अ ने शिकायचं. नंतर अ ने दुकानात येऊन ब ला शिकू द्यायचं. ब ने आपला शब्द पाळला. अ म्हणतो, येणार नाही. ब ला दाद मागता येईल?"

मला वाटलं, निदान आता तरी त्याला दया येईल. वेड्यासारखी वाट बघत बसले.

दादाने डोळे मिटले. "तथ्यं: भावंडांतलं घरगुती ठरलेलं. नियम: कायद्याने बांधून घ्यायचा हेतू नसेल तर करार नाही. घरच्या बोलण्यात तो हेतू धरत नाहीत. निकाल: ब ला दाद मागता येणार नाही." मग डोळे उघडले. "अ म्हणजे मी का गं?"

"ब ने इतकी वर्षं दुकान ओढलं, त्याचं काय?"

"तूच म्हणतेस ना, मन मध्ये घालू नकोस." तो हसला, सुटल्यासारखा हसला. "नोकरी ठरलीय माझी. पास झालो की निघायचं. सांगणारच होतो तुला."

बाबांची कात्री थांबली नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

"उत्तर बरोबर ना?" दादाने विचारलं.

चूक म्हटलं असतं तर त्याने ते डोक्यातून पुसून टाकलं असतं आणि पेपरात उलटं लिहून आला असता. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. कदाचित पुन्हा नापास झाला असता, इथेच राहिला असता. पण उत्तर बरोबर होतं, आणि तसं लिहायला मीच शिकवलं होतं.

"बरोबर," मी म्हटलं. "पूर्ण मार्क."

"बघ," बाबा कापडावरून नजर न काढता म्हणाले, "पोरीची शिकवणी कामी आली."